तहाचं कलम आणि कलेक्टरची रजा

जुनी सरकारी गॅझेटं, म्हणजे राजपत्रं, चाळायची मला खोड आहे, हे कळलं की माणसं हमखास एक प्रश्न विचारतात. इंग्रजांच्या राज्यात कुठला साहेब कुठे नेमला, कुठल्या देशाशी काय तह झाला, हे सरकार लोकांना कळवायचं कसं? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेकदा कळवायचंच नाही. छापायचं आणि मोकळं व्हायचं.

मोठा अपवाद 1 नोव्हेंबर 1858 चा. राणीचा जाहीरनामा त्या दिवशी अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगने वाचला. मुंबईत तो टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून वाचला गेला, मराठीतूनसुद्धा. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, हे त्यातलं वचन सगळ्यांना पाठ असतं. पण कागद नीट वाचा. कॅनिंग पहिला व्हाइसरॉय, ही नेमणूक त्यातच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी आणि लष्करी नोकरांना आपापल्या जागी कायम केल्याचंही त्यात आहे. आणि कंपनीने संस्थानिकांशी केलेले तह आम्ही काटेकोरपणे पाळू, हेही. नेमणुका आणि तहांची बांधिलकी एकाच दमात, तीही चारचौघांत वाचून. असा थाट पुन्हा फार क्वचित दिसतो.

एरवी असायचं ते गॅझेट. अमुक कलेक्टर रजेवर, त्याच्या जागी तमुक साहेब पुढील हुकूम होईपर्यंत काम पाहतील. पानंच्या पानं हेच. वाचताना जांभया येतात, खोटं कशाला बोलू? पण यामागे पक्का हिशोब होता. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 57 व्या कलमानुसार, अधिकाऱ्याची नेमणूक गॅझेटात छापून आली असेल तर त्याचं नाव, हुद्दा आणि सही कोर्टाने विनापुरावा मान्य करायची. म्हणजे उद्या एखाद्या आरोपीच्या वकिलाने ‘हा मॅजिस्ट्रेट कशावरून?’ असं विचारलं तर त्याचं तोंड बंद करायची सोय आधीच झालेली. गॅझेटाचा खरा वाचक कोर्ट होतं, रयत नव्हे.

तहांचं आणखी वेगळं. ब्रिटिश पद्धतीत तहावर सही झाली म्हणून देशात कायदा बदलत नाही. त्यासाठी वेगळा कायदा किंवा हुकूम लागतो. 1870 च्या प्रत्यार्पण कायद्यात तर लिहूनच ठेवलं होतं, की परक्या देशाशी झालेला करार राजाज्ञेत उतरवायचा आणि ती आज्ञा लंडन गॅझेटमध्ये छापायची. तह युरोपात व्हायचा आणि इथे त्याची शेपटी तेवढी दिसायची.

1897 चा प्लेग घ्या. मुंबईची जहाजं आपल्याकडे रोग आणतील, या धास्तीने युरोपातली सरकारं व्हेनिसला जमली. 19 मार्चला करार झाला. प्लेग दिसला की इतर देशांना ताबडतोब कळवायचं, हे त्यात आलं. परिषद भरायच्या आधीच, 4 फेब्रुवारीला, कलकत्त्यात साथरोग कायदा मंजूर झाला होता. त्यात सरकारला जाहीर सूचना काढून तात्पुरते नियम करायची मुभा होती. पुण्यात प्लेग कमिटीवर रँडची नेमणूक झाली तीही याच दिवसांत. व्हेनिसचा करार पुण्यातल्या किती घरांत ठाऊक असेल? घरात शिरणारे गोरे सोजीर मात्र सगळ्यांनी पाहिले. पुढे 22 जूनच्या रात्री काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मात्र एकदा तरी परदेशातला करार थेट सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आला. 1919 मध्ये वॉशिंग्टनच्या कामगार परिषदेत बहुतेक देशांसाठी कामाचे आठवड्याला 48 तास ठरले, ब्रिटिश हिंदुस्थानसाठी 60. ही सवलत कामगारांना नव्हे, मालकांना होती, हे उघड आहे. तरीसुद्धा कापड गिरणीत तोवर दिवसाला 12 तासांची मुभा होती, त्यामानाने ही सुटकाच. 1922 च्या फॅक्टरी कायद्यातल्या दुरुस्तीने ते 60 तास लागू झाले. कायद्याचा गोषवारा गिरणीत इंग्रजीत आणि कामगारांच्या भाषेत लावणं मालकाला भाग होतं. ज्याला वाचता येई तो बाकीच्यांना वाचून दाखवी.