खजिनदाराची वही

ठाणे, भाद्रपद वद्य सप्तमी, रात्री दहा

आज सकाळी सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या हिशेबाची बैठक झाली. पितृपक्षात बैठक नको, असे दोघा-तिघांचे म्हणणे होते; हिशेब हे काही शुभकार्य नव्हे, ते झालेल्या खर्चाचे तर्पणच आहे, असे अध्यक्ष म्हणाले आणि सगळे हसले. त्यानंतर फारसे कोणी हसले नाही, आणि त्याला कारण मी झालो.

आमचा खजिनदार, तो अर्ध्या चड्डीत असल्यापासून मी पाहिलेला, आता पंचेचाळिशीला आलेला गृहस्थ आहे. तो देव मानत नाही आणि ते लपवतही नाही. आरतीच्या वेळी मंडपामागे प्रसादाची पाकिटे मोजत असतो. खर्च वजा जाता उरलेल्या १४,३८० रुपयांतून मूर्तीसाठी चांदीच्या दूर्वा कराव्यात, असे मी सुचवले. त्यातले निम्मे पैसे वॉचमनच्या मुलीच्या फीसाठी द्यावेत, असे त्याचे मत पडले. यावर मी म्हणालो, "ज्याला देवच मान्य नाही त्याच्या हाती देवाचे पैसे दिले की असेच व्हायचे."

त्याने वाद घातला नाही. वही माझ्याकडे फिरवून एका पानावर बोट ठेवले आणि म्हणाला, "काका, हे बघून घ्या, मग बोलू." पानाला शंभराची एक नोट टाचलेली होती, मधोमध फाटलेली आणि कोणीतरी चिकटपट्टीने जोडलेली, पण जोडताना दोन वेगळ्या नोटांचे अर्धे एकत्र आलेले. खाली त्याच्या बारीक अक्षरात नोंद होती : 'बँकेने नाकारली. तूट १००, स्वतः भरले.' नोट कोणत्या घरातून आली, हे पावतीपुस्तकावरून त्याला सहज काढता आले असते. नाव मात्र कुठे नव्हते.

दुपारभर मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. देवाचे भय नसेल तर माणूस नीतीने का वागेल, हा प्रश्न काही मूर्खपणाचा नाही. तो मला आजही पडतो आणि माझे आयुष्य त्याच्या एका उत्तरावर उभे आहे. पण कचेरीत टेबलाच्या काचेखाली इष्टदेवतेची तसबीर ठेवून त्याच टेबलाखालून पाकीट घेणारे हात मी पाहिलेले आहेत, आणि त्या वेळी मला हा प्रश्न त्यांना विचारावासा वाटला नव्हता. आगरकरांचेच घ्या. एम.ए. झाल्यावर भरपूर पगाराची वाट सोडून पोटापुरत्या मिळकतीवर शिकवण्याचे काम पत्करायचे, असे त्यांनी आईला कळवले आणि तसेच ते जगले. १८८८ साली 'सुधारक' काढणाऱ्या या बुद्धिवाद्याची प्रेतयात्रा पुण्यातल्या सनातन्यांनी तो जिवंत असताना काढली. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, तो गेला. त्या प्रतीकात्मक तिरडीला खांदा देणाऱ्यांनाही आपण धर्मरक्षण करतो आहोत असेच वाटले असणार. आज सकाळी मलाही तसेच वाटत होते.

चूक प्रश्नात नव्हती, प्रश्न माणसावर भिरकावण्यात होती. विषय दूर्वा की फी एवढाच होता. त्यावर माझ्यापाशी मुद्दा नव्हता म्हणून मी त्याच्या चारित्र्याला हात घातला. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडायचा आणि मगच त्याचे खंडन करायचे, असा शिरस्ता होता. चौदाव्या शतकातल्या, एका वेदान्त्याने लिहिलेल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चे पहिलेच प्रकरण वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकाचे आहे, आणि चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नष्ट झालेले असताना त्यांचे म्हणणे आपल्याला कळते ते बव्हंशी अशा विरोधकांच्या लेखणीतून. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी वैदिक धर्माची बाजू घेऊन मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. शब्द सौम्य होते असे कोणी म्हणणार नाही, पण त्या वादांचा इंग्रजी वृत्तांत छापला तो प्रतिपक्षातल्या जॉर्ज बोवेन यांनी.

खजिनदाराला मी सोवळा ठरवत नाही. गेल्या वर्षी बायकांच्या अथर्वशीर्ष पठणाला तो 'टाइमपास' म्हणाला होता. ते हिच्या मनाला इतके लागले की दोन दिवस ती मंडपात गेली नाही. त्या शब्दामागची घाण आणि माझ्या आजच्या वाक्यामागची घाण एकाच नळातून येते. मात्र त्या वेळी तो दुसऱ्या दिवशी घरी येऊन हिची माफी मागून गेला होता, हे मी आज बैठकीत सोयीने विसरलो.

संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारली. कौपीनेश्वराच्या आरतीचा घंटानाद पाण्यावरून येत होता. कठड्यावर दोन कॉलेजची मुले देव आहे की नाही यावर भांडत होती आणि एकाच द्रोणातली भेळ खात होती. मला तिथे थांबून ऐकायचा मोह झाला. पण पांढरे केस पाहून ती गप्प झाली.

घरी आल्यावर हिला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही वर त्याच्याकडे जाऊन या." जाईन. पण नुसते 'चुकलो' म्हणण्याआधी त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मला लिहिता येते का, ते पाहायला बसलो. पाच वाक्ये लिहिली. उत्सव सगळ्या घरांचा आहे. वर्गणी देणाऱ्यांत वॉचमनही आहे, त्याची पावती एकवीस रुपयांची आहे. मुलीची फी याच महिन्यात भरायची आहे, दूर्वा पुढल्या वर्षीही करता येतील. इथवर ठीक जमले. चौथ्या वाक्यात 'श्रद्धा नसली तरी' असे शब्द आले, ते खोडले. पाचव्यात 'बिचारा' कसा शिरला कळले नाही. तोही खोडला आहे. उरलेले उद्या त्याला वाचून दाखवणार आहे.