एका मात्रेचं अंतर

इकडे आल्यावर हळूहळू सगळं फोनवर जमायला लागलं. आईची तब्येत, बाबांची औषधं, रुसणं, रडणं, सगळं. जमलं नाही ते फक्त एकत्र वाजवणं.

आमच्या घरी पेटी आईची, तबला बाबांचा. माझं पहिलं काम भाता मारायचं. आई दोन्ही हातांनी वाजवायची आणि मी पेटीच्या पलीकडे, तिच्या समोर बसून भाता हलवायचे. जोरात ओढला की सूर ओरडायचा, हात थांबला की विझायचा. आई तोंडाने काही सांगायची नाही. ती श्वास घ्यायची तेवढ्यावरून मला कळायचं, आता लांब जागा येतेय, हवा भरून ठेवायला हवी. आईचा श्वास माझ्या तळहाताला पाठ झाला होता.

भूप राग गाताना गंधार आला की ती पट्टीवरचं बोट उचलायची. मला वाटायचं, विसरली. "तो सूर पेटीत नाही गं," म्हणायची. त्यामागचं गणित मला फार उशिरा समजलं. पेटीत सप्तकाचे 12 सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटनी (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) चढा असतो; शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा जवळजवळ सातवा हिस्सा. आईला हे आकडे ठाऊक नव्हते. कानाला टोचायचं म्हणून बोट उचलायची. त्या मोकळ्या जागेत तिचा गंधार असा लागायचा की बाबांचा डग्ग्यावरचा हात आपोआप हलका व्हायचा.

बाबा शिकवायला असे कधी बसले नाहीत. तबला लावताना मात्र मला शेजारी घ्यायचे. तबल्याच्या काठावरच्या एका घरावर वाजवायचे, मग समोरच्या घरावर, आणि विचारायचे, "कुठला उतरलाय?" उत्तर चुकलं तर बरोबर काय ते सांगत नसत, पुन्हा वाजवून दाखवत.

इथे पेटी घेतली तेव्हा वाटलं, चला, आता व्हिडिओ कॉलवर बसू तिघं. पहिल्याच आवर्तनात सगळं विस्कटलं. एका खोलीत तीन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचतो. कॉलवर जायला पाव सेकंद, यायला पाव सेकंद. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे पूर्ण एक मात्रा! मी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे आणि बाबांना ती सम दुसऱ्या मात्रेवर ऐकू यायची. मला सांभाळून घ्यायला ते लय ओढून धरायचे, ती ओढलेली लय ऐकून मी आणखी मागे जायचे. तीनतालाच्या चार आवर्तनांत ठेका पार कोलमडायचा. आम्ही दोघंही एकमेकांसाठी थांबत होतो, आणि त्यानेच सगळं बिघडत होतं. त्या रात्री फोन ठेवल्यावर मला खूप रडू आलं.

तोड बाबांनीच काढली. पुढच्या रविवारी म्हणाले, "मी तुझा आवाज बंद करतो. मी सरळ ठेका धरतो, तू त्यावर वाजव."

"पण बाबा, मग तुम्हाला मी ऐकूच येणार नाही."

"तुला मी ऐकू येतोय ना? मग झालं तर."

तेव्हापासून असंच चालतं. ते तिकडे अर्धा अर्धा तास एकटेच वाजवतात, लय जराही न हलवता. माझ्या खोलीत मात्र पेटी आणि तबला अगदी एकत्र असतात, सम समेवर पडते. आई त्यांच्या बाजूला बसून पडद्याकडे बघत असते. नंतर मी केलेलं रेकॉर्डिंग पाठवते, ते दोघं मिळून ऐकतात आणि बाबा तासाभराने कळवतात, कुठे घाई झाली ते.

परवा भूप घेतला. मी स्वतःच गात होते, गंधार आला आणि मी पट्टीवरचं बोट उचललं. तिकडे आवाज बंदच होता. जरा वेळाने पडद्यावर आईची मान डोलली.