आधी खार, मग टेंगा

गुवाहाटीहून काझीरंगाला निघालं की नगाव मागे टाकल्यावर जखलाबंधा लागतं आणि तिथे हायवेच्या कडेला जेवणाची हॉटेलंच हॉटेलं. ड्रायव्हरदादांनी सकाळीच विचारलं होतं, भात कुठे खाणार? नवरा म्हणाला, भातच पाहिजे असं काही नाही, पोळी-बिळी मिळाली तरी चालेल. दादा आरशातून बघून नुसते हसले. तिकडे भात खाणं म्हणजेच जेवणं, हे आमच्या डोक्यात शिरलं ते थेट टेबलावर बसल्यावर.

पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, हात धुवायला बाहेर नळ, आणि ताट मात्र काश्याचं! चांगलं जड, बोटाने टिचकी मारली की वाजणारं. बारपेटाकडे सार्थेबारी म्हणून गाव आहे, तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काश्याची भांडी घडवतात. आमच्या आजीकडे अशी दोन ताटं होती, ती कुणीतरी मोडीत घालून स्टीलचा डबा आणला, त्याचं दुःख मला त्या हॉटेलात बसून झालं, म्हणजे जरा उशिराच.

ताटात मधोमध जोहा तांदळाचा भात. जोहाला वास असतो, आपल्या आंबेमोहरासारखा नाही पण त्याच घराण्यातला. बाजूला आलू पिटिका, म्हणजे उकडलेला बटाटा, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि वरून कच्चं मोहरीचं तेल घालून हाताने कुस्करलेला. फोडणी नाही, हळद नाही. मोहरीच्या तेलाला ते लोक मिठा तेल म्हणतात, आणि पहिल्या घासाला जे नाकात चढतं त्यात मिठा कुठे आहे ते मी बराच वेळ शोधत होते. पण मग आपण तरी शेंगदाण्याच्या तेलाला गोडेतेल म्हणतोच की, त्यात कुठे साखर असते! ढेकियाची भाजी होती, नेच्याचे टोकाला गोल वळलेले कोवळे कोंब, गोगलगायीच्या शंखासारखे. आणि वाट्यांमध्ये डाळ, माशाचा टेंगा आणि एक करड्या-हिरव्या रंगाचं गिळगिळीत काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे खार. कच्ची पपई शिजवून त्यात कोलाखार घातलेला. बिया असलेली जी भीमकोल केळी असतात त्यांची सालं वाळवायची, जाळायची, ती राख पाण्यात घालून गाळायची, की जे तपकिरी पाणी उरतं तो कोलाखार. पूर्वी त्याने कपडेसुद्धा धुवायचे म्हणे. आसामी लोक स्वतःला कौतुकाने खारखोवा म्हणवतात, खार खाणारे. आपल्याकडे खार पापडात जातो, तोही चिमूटभर आणि आई पाठीशी उभी राहून 'पुरे पुरे' म्हणत असताना. इथे त्याची अख्खी वाटी!

तर मी काय केलं, ताटात लिंबाची लांबट फोड होती, काजी नेमू, इतका सुंदर वास की नुसता हाताला लागला तरी दिवसभर पुरावा (२०२४ मध्ये आसामने त्याला राज्याचं फळ केलं, उगाच नाही). आपल्याला सवय, दिसलं लिंबू की पीळ सगळ्यावर. भातावर पिळलं, डाळीवर पिळलं आणि त्याच झपाट्यात खारावरही पिळलं. वाढणारा मुलगा तिथेच उभा होता, त्याचा चेहरा असा झाला की जणू मी श्रीखंडात लसूण घातला. खार आधी खायचा, भाताच्या पहिल्या घासांबरोबर, आणि टेंगा म्हणजे आंबट सगळ्यात शेवटी, हे दादांनी पलीकडच्या टेबलावरून समजावलं. दहावीच्या प्रयोगशाळेत अल्कली आणि आम्ल वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत का ठेवायचे, ते मला तेव्हा पटलं. खाराची चव पार मेली होती. मुलाने काही न बोलता वाटी उचलली आणि दुसरी आणून ठेवली. हा दुसरा खार नीट खाल्ला. मसाला नाही, तिखट नाही, मऊ, किंचित साबणासारखा वाटतो न वाटतो तोच पोटात गार उतरतो. नवऱ्याला नाही आवडला, मला आवडला, भांडण नाही.

टेंगा मात्र दोघांनाही आवडला. आंबटपणा ओटेंग्याचा, म्हणजे हत्तीही ज्याची फळं आवडीने खातात त्या झाडाचा. काही घरी थेकेरा घालतात, तो आपल्या कोकमाचा सख्खा चुलतभाऊ. पातळ रस्सा, रोहूचा तुकडा, बस्स. आमच्या मालवणी शेजारणीने नारळ कुठेय असं नक्की विचारलं असतं.

आणि तो मुलगा दर दोन मिनिटांनी भाताचं भांडं घेऊन हजर, "आरू लागिबो ने?" मला आसामी येत नाही, पण 'लागिबो' न कळायला काय झालं, अजून लागेल का! नको म्हणायचं तर 'नालागे'. जुन्या मराठीत 'न लगे' होतंच की. शब्द तोंडात येईपर्यंत मात्र त्याचा डाव पालथा झालेला असायचा. असं तीनदा झालं.

बिल देताना काउंटरवर तामूल-पान ठेवलेलं. मला वाटलं, तांबूल, विडा, गुलकंद नसेल एवढंच. ओली सुपारी, चुना आणि पान, सगळं एकदम तोंडात टाकलं. अर्ध्या मिनिटात कान गरम, कपाळावर घाम, नोव्हेंबरमध्ये! गाडीकडे जायचं सोडून मी परत त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले, डोळे मिटून. उघडले तर समोर तो मुलगा, हातात भांडं.

"आरू लागिबो ने?"

तोंड भरलेलं होतं, हातानेच नालागे केलं.