तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेटमेंट दिलं, तरी बँकेला पत्र कशाला?

"काय ओ साहेब, बँकेचं स्टेटमेंट दिलं, पार्टींची लेजरं दिली. आता परत बँकेला पत्र कशाला? आमच्यावर भरवसा नाही काय?" बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत ऑडिटला गेलं की चहाच्या आधी हा प्रश्न येतो.

भरवसा आहे हो, नसता तर काम घेतलंच नसतं. पण कागद कुणी तयार केला आणि कुणाच्या हातून माझ्यापर्यंत आला, यावर त्याचं वजन ठरतं. टॅलीतून काढलेलं लेजर म्हणजे तुमचंच म्हणणं, छापून आलेलं. बँकेचं स्टेटमेंट त्याहून बरं. मात्र ते तुमच्या अकाउंटंटनं मेल केलं असेल, तर वाटेत त्याला हात लागू शकतो. म्हणून एसए ५०५ (बाहेरच्यांकडून थेट खात्री करून घ्यायचं ऑडिटचं मानक) प्रमाणे खात्यात शिल्लक किती हे विचारणारं पत्र पाठवायचं आम्ही आणि उत्तरही यायचं थेट आमच्याकडं. सत्यम या आयटी कंपनीत २००९ साली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक खोटी निघाली. अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकानं, एसईसीनं, २०११ साली सत्यमच्या ऑडिटरांवर ठपका ठेवला, त्यात हेही होतं: खात्रीची पत्रं पाठवायचं काम त्यांनी कंपनीच्याच हाती सोडलं होतं.

बँक निदान उत्तर तरी देते. पार्टींचं तसं नाही, पत्र जातं नि पडून राहतं. मग एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट बघतो. मार्चअखेरचं येणं पुढं खरंच जमा झालं असेल, तर बहुतेक काम झालं.

मार्चच्या शेवटी विक्री एकदम फुगली की मात्र आम्ही जरा चिकट होतो. तुम्ही ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, पुढं करता. नंबर सरकारी पोर्टलचा, पण माहिती भरली तुम्हीच. माल गेटबाहेर पडला हे त्यावरून कळत नाही. वजनकाट्याची पावती हवी, पार्टीची पोच हवी. गाडी तुमचीच असेल तर फास्टॅगचा हिशेबही. माल कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेला म्हणता, मग वाटेतल्या हत्तरगी आणि कोगनोळी नाक्यावर पैसे कापलेले दिसायला हवेत. (टोल चुकवून आतल्या रस्त्यानं नेला म्हणणारेही भेटतात. कास्टिंगनं भरलेली गाडी एकदा त्या रस्त्यानं नेऊन दाखवा म्हटलं की हसतात.) आणि बिल ३१ मार्चचं, टोल २ एप्रिलचा असेल, तर ती विक्री या वर्षात कशी, हे विचारावंच लागतं.

मालाची मोजणीही दोन्हीकडून करतो. यादीतले काही नग आवारात शोधतो, म्हणजे नसलेला माल उघडा पडतो. मग आवारातले काही नग यादीत शोधतो, म्हणजे लिहायचा राहिलेला सापडतो. मशिनिंगला बाहेर गेलेल्या मालासाठी त्या शॉपवाल्याकडून लेखी घेतो.

तुमचं लेखी निवेदन शेवटी घेतोच, पण नुसत्या त्यावर भागत नाही.

राहिलं बँकेचं पत्र. त्यावर सही तुमचीच लागते, नाहीतर बँक तुमची माहिती आम्हाला कशी देईल? तेवढी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करून ठेवा, पाठवायचं आम्ही बघतो.