रेल्वे बसली, पूल मात्र सव्वाशे मीटर सरकलेला : पिंपरी-चिंचवड नकाशाची ताजी खबर

प्रदर्शनासाठी आपण पिंपरी-चिंचवडचा जुना नकाशा स्कॅन करून आजच्या उपग्रहचित्रावर बसवतोय, त्यात हॅरिस पूल अखेर जागेवर आला. दापोडी आणि बोपोडीच्या मधला हा पूल गेले कित्येक आठवडे आपल्या जुन्या नकाशात बोपोडीच्या बाजूला सव्वाशे मीटर आत जाऊन बसत होता आणि मुळा नदीही त्याच्यासोबत सरकलेली दिसत होती. कारण सापडलंय, दुरुस्ती झालीय. दुरुस्ती करताना दुसरी एक चूक उघडी पडली, तीही निस्तरली आहे. जुने एक-इंची नकाशे घेऊन बसलेल्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल, म्हणून सगळं सविस्तर.

आपली शीट ४७ एफ/१४. कंपन्या येण्याआधीची आवृत्ती, एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, निगडी ही सुटी सुटी गावठाणं, मधून रेल्वे आणि मुंबई-पुणे रस्ता, बाकी शेतं आणि माळ. पुढच्या सगळ्या थरांचा पाया हाच: १९५४ची एच.ए. (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स), १९६२ला आलेली एमआयडीसी, साठच्या दशकातले बजाज, टेम्पो आणि टेल्को हे कारखाने, १९७०ची नगरपालिका, १९८२ची महानगरपालिका. पाया वाकडा असेल तर वरचा एकही थर धड बसणार नाही.

पहिल्या फेरीत नेहमीसारखंच केलं होतं. शीट पंधरा मिनिटांची आहे आणि आत दर पाच मिनिटांवर अक्षांश-रेखांशाच्या रेघा आहेत. चार गुणिले चार असे सोळा छेदबिंदू मिळतात. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागेवर बसवणारं साधन) टाकले, पहिल्या दर्जाचं पॉलिनॉमियल, म्हणजे अख्खा नकाशा एकसारखा ताणणारं-फिरवणारं साधं रूपांतर, लावलं आणि उपग्रहचित्रावर ठेवून पाहिलं. रेल्वे हुबेहूब बसली. आकुर्डीपासून दापोडीपर्यंत रूळ वाढले असले तरी १८५८ची मूळ आखणी तीच आहे, त्यामुळे आपण सगळेच रेल्वेला कसोटी मानतो. ती बसली म्हणून नकाशा बसला असं धरलं आणि नदी का बसत नाही याची कारणं शोधत राहिलो. पवनेनं पात्र बदललं असेल, पूररेषेत भराव पडले असतील, सर्वेक्षण पावसाळ्यानंतरचं असेल. सगळे तर्क पटण्यासारखे होते आणि सगळे चुकीचे निघाले.

मग दुसरी, जास्त वाईट चूक. नदी बसवण्यासाठी पूल, देवळं, जुने चौक असे आणखी नऊ बिंदू उपग्रहचित्रावरून घेतले आणि थिन प्लेट स्प्लाइन लावलं. रेसिड्युअल, म्हणजे दिलेल्या बिंदूंवर उरणारी चूक, शून्य! पण चिंचवड ते आकुर्डीच्या मध्ये रुळांना बारीक कुबड आलं. थिन प्लेट स्प्लाइन दिलेल्या प्रत्येक बिंदूला जबरदस्तीनं जागेवर नेतं, म्हणून तिथे रेसिड्युअल शून्यच दिसणार. तो आकडा नकाशाच्या अचूकतेबद्दल काहीही सांगत नाही. एका पद्धतीचे सोळा आणि दुसऱ्या पद्धतीचे नऊ बिंदू एकमेकांना ओढत होते आणि त्यांच्या मधला कागद चुरगळत होता, एवढाच त्या कुबडाचा अर्थ.

खरी मेख डेटममध्ये होती, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजले त्या पायात. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या गोलाभावर मोजलेले आहेत, आजचा जीपीएस आणि उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस ८४ वर. शीटच्या कडेला छापलेला आकडा जसाच्या तसा डब्ल्यूजीएस म्हणून टाकला की आपल्या भागात नकाशा साधारण ७८ मीटर पूर्वेला आणि १०२ मीटर दक्षिणेला सरकतो. मिळून १२८ मीटर, कागदावर दोन मिलिमीटर. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तरी ते दिसलं कसं नाही? कारण सरकण्याची दिशा आग्नेय आणि आपली रेल्वेही आकुर्डीहून दापोडीकडे आग्नेयेलाच जाते! दोन्ही दिशांत जेमतेम आठ-नऊ अंशांचा फरक. म्हणजे सगळी चूक रुळांच्या लांबीतून घसरत गेली आणि आडवा फरक उरला वीस मीटरच्या आत. नकाशावर छापलेली रुळांची रेघच तेवढी जाड असते. जुना मुंबई-पुणे रस्ताही रेल्वेला धरूनच जातो, त्यामुळे त्याचीही साक्ष खोटी. खरं बोलत होते ते रेल्वेला आडवे जाणारे घटक: पूल, ओढे, गाडीवाटा आणि चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधी मंदिरासारखे एकेकटे बिंदू.

तेव्हा कसोटीसाठी एकच लांब रेघ कधीही धरू नका. किमान दोन दिशांच्या रेघा आणि तीन-चार सुटे बिंदू घ्या.

दुरुस्तीची पद्धत अशी. सोळा छेदबिंदू टाकताना जिओरेफरन्सरमध्ये टार्गेट म्हणून कल्याणपूर १९७५ ही एव्हरेस्टवर आधारलेली प्रणाली, म्हणजे ईपीएसजी या प्रणालींच्या यादीतला क्रमांक ४१४६ निवडायचा. तयार झालेली फाइल त्याच प्रणालीत ठेवायची आणि मगच ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या डब्ल्यूजीएस ८४ वरच्या प्रणालीत बदलायची. या बदलाच्या वेळी क्यूजीआयएस कोणतं रूपांतर वापरू असं विचारतं. २९५, ७३६, २५७ हे तीन आकडे असलेलं घ्यायचं. यादीत ‘बॉलपार्क’ शब्द असलेला पर्यायही दिसतो, तो अजिबात घेऊ नका. त्यात डेटमचा फरक धरलेलाच नसतो, सव्वाशे मीटरची चूक जशीच्या तशी राहते आणि वर काम झाल्याचा समज होतो. बरोबर पर्यायातही वीसेक मीटरची खोट राहू शकते, पण ती या शीटच्या रेघेच्या जाडीएवढीच. नाशिक किंवा कोल्हापूरच्या शीटवर काम करणाऱ्यांनी आमचे ७८ आणि १०२ हे आकडे उचलू नयेत. जागेनुसार ते बदलतात, रूपांतराचे तीन आकडे मात्र तेच राहतात.

एवढं झाल्यावर पूल बराचसा जवळ आला, पण पूर्व-पश्चिम दिशेत करवतीच्या दात्यांसारखी चूक उरली. एका ठिकाणी साठ मीटर पुढे, थोडं सरकलं की साठ मीटर मागे. ही चूक कापडाची.

जुन्या काळी घडीचे नकाशे कागद कापून, तुकडे कापडावर चिकटवून बनवत, म्हणजे घडीवर कागद फाटत नसे. आपली शीट चार उभे रकाने, दोन आडव्या ओळी अशा आठ तुकड्यांत आहे आणि दोन तुकड्यांमध्ये कापडाची फट आहे, सरासरी दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १२७ मीटर. तीन उभ्या फटी मिळून जवळपास ३८० मीटर जमीन नकाशात उगीच वाढलेली! पहिल्या दर्जाचं पॉलिनॉमियल ही वाढ सगळ्या रुंदीवर सारखी पसरवून दाबून टाकतं, म्हणून रेसिड्युअल फार भयंकर दिसत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्याच्या दोन कडांना उलटसुलट एकेक मिलिमीटर चूक राहते. आणि दुर्दैव असं, की उभी आणि आडवी फट जिथे एकमेकींना छेदतात ती जागा नेमकी पिंपरीच्या आसपास येते. कागद सर्वांत झिजलेलाही तिथेच.

प्रत्येक तुकडा वेगळा जिओरेफरन्स करावा हा पहिला विचार. तो फसतो, कारण दर पाच मिनिटांची रेघ आणि पावणेचार मिनिटांचा तुकडा असं गणित असल्यामुळे एका तुकड्यात एकच उभी रेघ येते. एका रेघेवरून रुंदीचं माप कुठून मिळणार? म्हणून आधी तुकडे जोडायचे, जिओरेफरन्स नंतर. जिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ तुकडे आठ लेअरवर घेतले. ६०० डीपीआयला दोन मिलिमीटर म्हणजे ४७ पिक्सेल, पण सगळीकडे तेवढीच फट गृहीत धरू नका. वरच्या टोकाला ३८ आणि खालच्या टोकाला ५५ अशी तिरकी फटही निघाली, तिथे तुकडा थोडा फिरवावा लागला. सांधा जुळवताना रूळ, रस्ता आणि जाळीची रेघ अशा किमान तीन रेघा एकाच वेळी पाहाव्या. समोच्च रेषांवर भिस्त ठेवू नये. त्या इतक्या दाट असतात की शेजारची रेघ जुळून जाते आणि पत्ता लागत नाही.

जोडून झाल्यावर तेच सोळा बिंदू, तेच साधं पॉलिनॉमियल. सरासरी रेसिड्युअल चार पिक्सेलवर आलं, जमिनीवर अकरा मीटर. हॅरिस पूल पुलावर, मुळा पात्रात, मोरया गोसावींचं देऊळ पवनेच्या काठाला, आकुर्डीचं गावठाण तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाशी. स्प्लाइनची गरजच उरली नाही.

स्कॅनिंगबद्दल एक सूचना. मोठे नकाशे ओढून घेणारा रोलर स्कॅनर आर्किटेक्टच्या ड्रॉइंगसाठी उत्तम, पण कापडावरच्या नकाशासाठी वापरू नका. घडीपाशी रोलर घसरतो आणि ओढण्याच्या दिशेतलं माप बदलतं. ए-३ फ्लॅटबेडवर चार भागांत, झाकणावर हलकं वजन ठेवून केलेलं स्कॅन वेळखाऊ आहे, पण माप खरं येतं. शेजारच्या भागांत किमान पाच सेंटिमीटर सामाईक ठेवा. जेपीईजी नको, टिफच.

आता प्रदर्शनाकडे. खंडेनवमीच्या आठवड्याचा बेत कायम आहे, कारण या गावात यंत्राच्या पूजेचा दिवस सगळ्या कंपन्यांतल्या माणसांना आपला वाटतो. निवृत्त कामगारांनी नकाशावर टाचण्या लावायच्या: कंपनीची बस कुठे थांबायची, कुठल्या कंपनीचा भोंगा कुठवर ऐकू यायचा, पाळी सुटल्यावर गर्दी कुठल्या खाणावळीत व्हायची, पहिली भाड्याची खोली कुठे होती. टाचण्यांचा रंग दशकानुसार, कंपनीनुसार नाही. माणसं कंपन्या बदलत असत आणि कंपन्यांची नावंही बदलली. टेल्कोची टाटा मोटर्स २००३ला झाली, तरी टेल्को रोड आजही टेल्को रोडच आहे. थरमॅक्स चौक, केएसबी चौक, फिनोलेक्स चौक ही नावं जुन्या गावठाणांच्या नावांइतकीच रुजली आहेत. त्यांच्यासाठी वेगळ्या अक्षरवळणाचा लेअर केलाय आणि तो फार देखणा दिसतो.

आकाराचं गणित: दापोडी ते निगडीच्या पुढपर्यंतचा पट्टा, नकाशा फिरवून महामार्ग लांबीत घेतलेला, १:२५०० प्रमाण. १६ फूट गुणिले ८ फूट होतं आणि ८ गुणिले ४च्या चार सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाट्या) एकही वावगा काप न देता बसतं. मात्र जुनी शीट पंचवीस पट मोठी होणार, म्हणजे ६०० डीपीआयचं स्कॅन छापल्यावर जेमतेम २४ डीपीआय. नुसता धुरळा. म्हणून रूळ, रस्ते, नदी, ओढे आणि गावठाणं हातानं ट्रेस करून व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फुटणाऱ्या रेघा, करायची आहेत. मूळ स्कॅन त्याच्याखाली फक्त फिकट पोतासारखं ठेवायचं. नदी आणि रेल्वे झाली, ओढे निम्मे झाले. एका छपाईवाल्यानं साधा चकचकीत फ्लेक्स सुचवला होता, तो नको. दिव्याखाली चमकतो, कडा वळतात आणि टाचणी धरत नाही. मॅट लॅमिनेशनचं व्हिनाइल, खाली पाच मिलिमीटर सनबोर्ड, हेच पक्कं.

नकाशा जमिनीवर अंथरायचा हा बेत मात्र आता रद्द. सत्तरीतल्या माणसांना वाकून टाचणी लावायला लावणं बरोबर नाही आणि चपलांखाली सनबोर्डला खड्डे पडतात. टेबलावर घ्यावा तर आठ फुटी रुंदीच्या मधोमध हात पोचत नाही. त्यामुळे १६ गुणिले ४चे दोन पट्टे, दोन वेगळ्या टेबलांच्या रांगांवर, मध्ये अडीच फुटांची वाट. काप रेल्वेमार्गावरून घ्यायचा का? एका अंगाला पवनाकाठची गावठाणं, दुसऱ्या अंगाला महामार्गापलीकडची एच.ए. आणि टेल्को. माणसं त्या वाटेनं रुळांवरूनच चालतील. हे लिहिता लिहिताच सुचलंय आणि आवडलंय, पण मग सनबोर्डचे काप सरळ येणार नाहीत, रुळांच्या वळणानं कापावे लागतील. सीएनसी राउटरवाल्याकडे (संगणकाच्या आज्ञेनं कापणारं यंत्र) दर विचारतो.

आणखी एक. साठच्या दशकाचा थर आपण आठवणींवर आणि कंपन्यांच्या वर्धापनदिन अंकांवर बेतत होतो. त्याऐवजी अमेरिकेची कोरोना उपग्रहचित्रं पाहावीत. १९६० ते १९७२ मधली ही हेरगिरीची छायाचित्रं १९९५ला खुली झाली. एखादी फ्रेम कुणी एकदा पैसे भरून स्कॅन करून घेतली, की पुढे ती सगळ्यांना फुकट उतरवता येते. फिल्म पॅनोरॅमिक असल्यामुळे कडेला खूप ताण असतो, म्हणून अख्खी पट्टी जिओरेफरन्स करायच्या भरीस पडू नका. पाच-सहा किलोमीटरचे तुकडे कापून एकेक बसवा. आकुर्डीच्या आणि टेल्कोच्या शेडची छपरं कोणत्या फ्रेमपासून दिसू लागतात हे कळलं, तर तो थर आठवणींवर नाही, छपरांवर उभा राहील. आपल्या पट्ट्यावरच्या फ्रेम शोधायला घेतल्या आहेत. ढग नसलेली, पावसाळ्याबाहेरची फ्रेम कुणाकडे आधीच उतरवलेली असेल तर तिचा क्रमांक कळवा. ओढ्यांचं ट्रेसिंग संपेपर्यंत थांबायला हरकत नाही.