तिसऱ्या काढायला निघण्यापूर्वी

मालवणकडे सुकती (ओहोटी) लागली की टोपली घेऊन खाडीत उतरायचे, एवढेच मला तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढण्याविषयी ठाऊक होते. त्यामुळे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी केवळ भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून हूड कॅनॉल नावाच्या खाडीच्या काठी पोहोचलो आणि वाटेवरचा बंदीचा फलक वाचून रिकाम्या बादलीनिशी परतलो.

इथे किनारा खुला असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगाम मत्स्य व वन्यजीव विभाग ठरवतो, तर शिंपल्यांची तपासणी करून आरोग्य विभाग आपल्या नकाशावर कोणता किनारा बंद आहे ते दाखवतो. हंगाम चालू असूनही विषामुळे किनारा बंद असू शकतो, म्हणून मी आता निघायच्या दिवशी सकाळीच दोन्ही पाहतो.

हे विष अलेक्झांड्रियम नावाच्या सूक्ष्म शैवालातून येते. शिंपले पाणी गाळून खातात, तेव्हा ते त्यांच्या मांसात साठते, आणि 100 ग्रॅम मांसात त्याचे प्रमाण 80 मायक्रोग्रॅमवर गेले की किनारा बंद होतो. आई फोनवर म्हणाली, "अरे, नीट उकडल्या की झालं!" पण हे विष उकडून, तळून किंवा गोठवूनही जात नाही, आणि पाणी नितळ दिसले म्हणून ते नसतेच असेही नाही. उन्हाळ्यात वाढणारे व्हिब्रिओ जिवाणू मात्र पुरेशा उष्णतेने मरतात. तेवढ्यापुरते आईचे बरोबर.

आणखी एक अडचण म्हणजे मालकीची. राज्याने 1971 पर्यंत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जमिनी विकल्यामुळे किनाऱ्याचा बराच भाग खासगी आहे; मी म्हणूनच पॉटलॅच किंवा डोसवॉलिप्स या राज्य उद्यानांनाच पसंती देतो. 15 वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि दिवसाला 40 तिसऱ्या किंवा कवचासह 10 पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, यांपैकी जे आधी भरेल तेवढेच घेता येते. बादलीही प्रत्येकाची वेगळी असावी लागते.

आपल्या तिसऱ्यांची आठवण करून देणारी मनिला जात मूळची इथली नाही; 1930च्या दशकात जपानी कालवांच्या बियाण्याबरोबर ती चुकून आली. ती जेमतेम बोटभर खोल असते, त्यामुळे हाताच्या छोट्या दाताळ्याने खडी हलकेच ओढली की कवचावर कर्र असा आवाज येतो. दीड इंचाहून लहान असेल ती परत ठेवायची आणि खड्डा लगेच बुजवायचा, कारण उपसलेल्या ढिगाखाली दबलेली पिल्ले गुदमरून मरतात.

येताना समुद्राचे पाणी डब्यात भरून आणावे. त्यात रात्रभर ठेवल्या की तिसऱ्या वाळू टाकतात. नळाच्या पाण्यात त्या मरतात.