१८-५५ की २४-७०? फरक काचेपेक्षा छिद्राचा

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स (किट लेन्स) ठेवावी की पैसे जमवून २४-७० मिमीची घ्यावी, हा प्रश्न बहुतेक जण "फोटो शार्प येतील ना?" अशा शब्दांत विचारतात. शार्पनेसपासून सुरुवात केली की निर्णय हमखास चुकतो. म्हणून दोन नेमक्या लेन्स शेजारी ठेवून बोलू: कॅननची ईएफ-एस १८-५५ एफ/३.५-५.६ आयएस एसटीएम (२०१३) आणि ईएफ २४-७० एफ/२.८ एल २ यूएसएम (२०१२). बॉडी १.६ क्रॉपची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) १.६ पट अरुंद सेन्सरची धरू, कारण हा प्रश्न पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात तीच असते.

भर उन्हात दोन्ही लेन्स एफ/८ ला ठेवून गडाच्या बुरुजाचा फोटो काढा. फ्रेमच्या मध्यभागी फरक शोधावा लागेल. कोपऱ्यांत, आणि सूर्य समोर असताना कॉन्ट्रास्टमध्ये २४-७० सरस आहे, यात वाद नाही. पण मोबाइलवर किंवा ८ बाय १२ इंची प्रिंटमध्ये तो फरक दाखवून द्यावा लागतो. एवढ्यासाठी कुणी किट लेन्स विकू नये.

खरा फरक छिद्राचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या अ‍ॅपर्चरचा. लेन्सच्या मिमीला एफ-आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५५ ला ५.६ ने भागा, जेमतेम १० मिमी येतात. त्याच ५५ ला २.८ ने भागा, जवळपास २० मिमी. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप प्रकाश जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ८२ मिमीचा फिल्टर, ८०५ ग्रॅम वजन, १८ काचा आणि किमतीचा मोठा भाग या एका छिद्रासाठी आहे. किट लेन्समध्ये काचा १३, फिल्टर ५८ मिमीचा आणि वजन २०५ ग्रॅम.

हे दोन स्टॉप लग्नाच्या हॉलमध्ये काय करतात ते पाहा. समजा मंगलाष्टकं चालू आहेत, फ्लॅश लावायचा नाही आणि किट लेन्सवर ५५ ला कॅमेऱ्याचा प्रकाशमापक १/६० सेकंद, एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० दाखवतोय. अक्षता टाकणारे हात १/६० ला हमखास हलतात. एफ/२.८ मिळालं की आयएसओ तेवढाच ठेवून शटर १/२५० वर जातं. हात थांबतात, अक्षतांच्या रेघा आखूड होतात. हात स्थिर असतील तर शटर १/६० वरच ठेवून आयएसओ ८०० वर आणता येतो, आणि शालूच्या जरीतला बारकावा नॉईजमध्ये (फोटोतल्या दाण्यांत) हरवत नाही.

इथे आयएसबद्दलचा (इमेज स्टॅबिलायझेशन) गैरसमज दूर करायला हवा. १८-५५ मध्ये चार स्टॉपचं आयएस आहे, २४-७० एल २ मध्ये आयएस अजिबात नाही. आयएस तुमच्या हाताचा कंप धरतं, समोरच्या माणसाची हालचाल धरत नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यातली मूर्ती, खांबावरचं कोरीवकाम असं निश्चल काही ट्रायपॉडशिवाय टिपायचं असेल, तर १/१५ ला किट लेन्स महागड्या लेन्सपेक्षा भरवशाची ठरते. हातात धरून व्हिडिओ काढतानाही तेच. पण नाचणारी वरात असेल तर आयएसचा उपयोग संपला.

किट लेन्समध्ये एक गोष्ट नकळत दगा देते. मॅन्युअल मोडमध्ये १८ ला एफ/३.५ लावून एक्स्पोजर जमवलं आणि मग ५५ पर्यंत झूम केलं, तर कॅमेरा मुकाट्याने एफ/५.६ वर जातो आणि फोटो सव्वा स्टॉपहून अधिक काळवंडतो. फ्लॅश मॅन्युअलवर असेल तर त्याचीही तीच गत. उपाय साधा आहे: सुरुवातच एफ/५.६ ला करा, मग झूम कितीही फिरवा, एक्स्पोजर हलत नाही. २४-७० ला २४ पासून ७० पर्यंत एफ/२.८ कायम राहतं, त्यामुळे ही चिंताच उरत नाही.

फोकसचंही थोडं छिद्रावरच अवलंबून असतं. डीएसएलआर फोकस घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असतं, त्याची पाती फोटो काढायच्या क्षणीच मिटतात. कॅननच्या ८०डीसारख्या बॉडीचा मधला फोकस पॉइंट एफ/२.८ किंवा त्याहून उघड्या लेन्सवर जास्त अचूक काम करतो. म्हणजे फोटो एफ/८ ला काढला तरी एफ/२.८ च्या लेन्सचा फायदा फोकसला मिळतोच. मात्र एफ/२.८ ला चूक महाग पडते. २ मीटरवरच्या माणसाचा फोटो ५५ ला काढलात तर एफ/५.६ ला साधारण २८ सेंमी खोली फोकसमध्ये राहते, एफ/२.८ ला १४ सेंमी. वधू अर्धा पाऊल पुढे आणि नवरदेव मागे असेल, तर दोघांपैकी एकाचे डोळे मऊ (धूसर) येणारच. जोडप्याच्या फोटोला एफ/४ किंवा एफ/५.६ वर या, लेन्स कितीही भारी असो.

आता दागिन्यांकडे वळू, कारण इथला निकाल उलटा लागतो. किट लेन्स २५ सेंमीपर्यंत जवळ जाते आणि ०.३६ पट मोठं दाखवते. २४-७० फक्त ३८ सेंमीपर्यंत आणि ०.२१ पट. क्रॉप सेन्सरची रुंदी सुमारे २२ मिमी. म्हणजे किट लेन्सवर पूर्ण फ्रेममध्ये जेमतेम ६ सेंमी रुंदीचा भाग भरतो, २४-७० वर साडेदहा सेंमी. २ सेंमीची अंगठी एकीत फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापते, दुसरीत पाचवा. मंगळसूत्राच्या वाट्या, मेंदीची नक्षी टिपायला बॅगेतली साधी लेन्सच काढा.

क्रॉप बॉडीवर २४-७० घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. २४ तिथे ३८ सारखं दिसतं. कुटुंबाच्या ग्रुप फोटोसाठी ४ मीटर मागे गेलात तर १८ ला साधारण ५ मीटर रुंद रांग मावते, म्हणजे खांद्याला खांदा लावून दहा माणसं. २४ ला ३.७ मीटर, म्हणजे सात. उरलेल्या तिघांसाठी मागे सरकायचं तर पाठीला भिंत लागते. क्रॉपसाठी योग्य जोडी ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ आयएस यूएसएम: छिद्र तेच, रुंदी हवी तशी, आयएसही आहे, वजन ६४५ ग्रॅम. तिची दुखणी दोन. पाणी-धुळीविरुद्ध सीलिंग नाही, त्यामुळे पुढच्या काचेमागे धूळ जमते. आणि उद्या फुल फ्रेम घेतली तर ती कॅननच्या ईएफ माउंटच्या फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाही. फुल फ्रेमवर मात्र २४-७० ला खरंच तोड नाही.

बांधणीत दोघींची बरोबरी नाही. किटचा माउंट (बॉडीला जोडणारा भाग) प्लास्टिकचा, २४-७० चा धातूचा आणि त्याला रबराची कडी. पण बॉडी सील केलेली नसेल तर ती कडी अर्धीच कामाची. आणि सीलिंग म्हणजे बुरशीपासून अभय नव्हे. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर लेन्स चामडी बॅगेत किंवा कपाटात बंद ठेवली, तर २४-७० सारख्या महागड्या एल लेन्सलाही बुरशी धरते आणि काचेवरचं कोटिंग खाते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत दहा-वीस रुपयांच्या नाण्याएवढा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. जेल ओलं झालं की सुकवून पुन्हा ठेवा.

जुनी २४-७० घेताना कॅप दोन्हीकडून काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सौदा तिथेच सोडा. धुळीचे दोन-चार कण चालतात. मग सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवून, ट्रायपॉडवर, एफ/२.८ ला, २४, ५० आणि ७० अशा तिन्ही ठिकाणी फोटो काढा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव समजा. एकच कोपरा धुरकट असेल तर आधी कॅमेरा भिंतीला समांतर आहे ना ते तपासून पुन्हा काढा. तरीही तोच कोपरा धुरकट आला, तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी, कारण आतली काच जागेवरून हलली की असंच होतं.